खंदकाच्या आत उरलेले राज्य

जमिनीत लांब चर खणायचा आणि निघालेली माती एकाच काठावर टाकत जायची. चर जसजसा खोल होतो तसतसा काठ उंच होतो आणि एकाच मजुरीत दोन अडथळे उभे राहतात: पुढे खंदक, मागे बांध. पाथरवट नको, चुना नको. कुदळी, फावडी, पाट्या आणि राबणारी माणसे असली की काम सुरू. जगातल्या कितीतरी राजांनी आपली हद्द आणि आपली राजधानी याच रीतीने राखली.

इंग्लंडमध्ये असे जुने बांध आजही शेतांतून आणि कुरणांतून गेलेले दिसतात. केंब्रिजशायरमधला डेव्हिल्स डाइक सुमारे 12 किलोमीटर जवळजवळ सरळ जातो. वेल्सच्या सीमेवरचा ऑफाज डाइक त्याहून कितीतरी लांब आहे. मर्सियाचा राजा ऑफा याने 757 ते 796 या काळात राज्य केले. वेल्सच्या राजांशी असलेल्या आपल्या हद्दीवर त्याने समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घातला, असे ॲसर नावाच्या धर्मगुरूने नवव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले. खंदक पश्चिमेला म्हणजे वेल्सच्या बाजूला आणि मातीचा बांध पूर्वेला, म्हणजे समोरून येणाऱ्याला आधी उतरावे लागे आणि मग चढावे लागे. या बांधाच्या कडेकडेने जाणारी 285 किलोमीटरची पायवाट 1971 साली लोकांसाठी खुली झाली. हे बांध टिकले याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांच्या बहुतेक लांबीवर शहरे वसली नाहीत. गवत उगवत राहिले, मेंढ्या चरत राहिल्या आणि रेषा शाबूत राहिली.

तंजावूरलाही अशी एक रेषा आहे. ती कुरणात नाही, भर शहरात आहे. घरे, दुकाने, रस्ते आणि गटारे यांच्यामध्ये ती कुठे स्पष्ट दिसते, कुठे केवळ जमिनीच्या उतारावरून ओळखू येते. मराठी वाचकाने तिच्याकडे मुद्दाम पाहावे असे एक कारण आहे. या रेषेच्या आत एक मराठी राजघराणे सुमारे 180 वर्षे नांदले. पहिली सव्वाशे वर्षे या तटाने आणि खंदकाने राज्याचे रक्षण केले. शेवटची 56 वर्षे तर हा तटच जवळजवळ राज्याची सीमा होता. राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, दरबार यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण ते ज्याच्या आत उभे राहिले, त्या माती-पाण्याच्या वेढ्याशिवाय या राज्याची गोष्ट अर्धीच कळते.

डोंगर नसलेल्या मुलखातला किल्ला

किल्ला म्हटले की मराठी मनाला सह्याद्री आठवतो. राजगड, रायगड, प्रतापगड यांचे निम्मे संरक्षण निसर्गानेच करून ठेवलेले आहे. तुटलेला कडा असला की तिथे तट बांधण्याची गरजच नाही. कावेरीच्या मुलखात असा कडा कुठून आणणार? तिथे क्षितिजापर्यंत भातशेती, कालवे आणि ताडांच्या रांगा. ज्याला उंची हवी त्याने ती मातीतून उभी करायची आणि ज्याला दरी हवी त्याने ती खणायची.

तंजावूरची जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली दिसते. शहराच्या उत्तरेला कावेरीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. वेण्णार आणि वडवार हे तिचे फाटे त्या बाजूने वाहतात. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला जमीन हळूहळू चढत जाते, माती लालसर आणि मुरमाड होते आणि दहा-बारा किलोमीटरवर वल्लमचा उंचवटा लागतो. ओल्या गाळाची जमीन आणि कोरडी चढती जमीन यांच्या सांध्यावर हे शहर आहे. एका बाजूला पाण्याची सोय, दुसऱ्या बाजूला पायाला घट्ट जमीन. चोळ राजा पहिला राजराज याने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वराचे प्रचंड देऊळ याच सांध्यावर उभे आहे.

आज आपण ज्याला तंजावूरचा किल्ला म्हणतो तो मात्र नायकांच्या काळातला. विजयनगरच्या आधिपत्याखाली 1532 च्या सुमारास सेवप्प नायक तंजावूरचा कारभारी झाला आणि पुढे त्याचे घराणे स्वतंत्रपणे राज्य करू लागले. बृहदीश्वराचे देऊळ आणि शेजारचे शिवगंगा तळे यांना कवेत घेणारा धाकटा किल्ला सेवप्प नायकाच्या नावावर सांगितला जातो. त्याच्या ईशान्येला, राजवाडा आणि सगळी राजधानी पोटात घेणारा थोरला किल्ला त्याच्या वंशजांनी वाढवत नेला. शेवटचा नायक राजा विजयराघव याच्या काळापर्यंत तो पुरा झाला. दोन्ही किल्ले एकमेकांना खेटून आहेत. नकाशावर पाहिले तर थोरल्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला धाकटा जोडलेला दिसतो आणि दोघांच्या भोवती खंदक.

1673 मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावूर जिंकले आणि विजयराघव लढाईत पडला. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या धामधुमीत विजापूरकरांच्या वतीने आलेले व्यंकोजीराजे भोसले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावूर ताब्यात घेतले. म्हणजे व्यंकोजीराजांच्या हाती तयार किल्ला आला. त्यांच्या घराण्याने तो राखला, त्यावर तोफा चढवल्या आणि आतल्या राजवाड्यात भर घातली. दुसऱ्या पिढीतल्या शहाजीराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी, 1684 मध्ये, मराठा दरबार उभा राहिला. आज पाहुणे ज्याचे रंगवलेले खांब आणि छत पाहतात तो हाच.

खंदकाच्या पाण्याची ताकद मराठ्यांना त्याच सुमारास दुसरीकडेही कळली. 1677 च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि तिथे नव्याने तटबंदी केली, खंदक खणले. त्या कामाची पद्धतशीर आखणी पाहून एका जेझुइट पाद्र्याने आपल्या पत्रात तिचे कौतुक केले आहे. पण त्याच मोहिमेत वेल्लूरचा भुईकोट मात्र वर्षाहून अधिक काळ दाद देईना. त्याच्या भोवतीचा रुंद, भरलेला खंदक हे त्याचे मोठे बळ होते. दोघा भावांची भेट झाली ती 1677 मध्ये कोळ्ळिडम नदीच्या काठी, तिरुमलवाडीला. ती भेट गोडीने संपली नाही आणि व्यंकोजीराजे परतले ते याच खंदकापलीकडच्या आपल्या राजधानीत.

माती तोफेला कशी झेलते

तंजावूरच्या तटाकडे पाहताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. बाहेरून दगड दिसतो म्हणून आपण त्याला दगडी भिंत समजतो. पण तोफांच्या युगातला चांगला तट हा मुळात मातीचा असतो. दगड हे त्याचे अस्तर. बाहेरच्या अंगाला दगडांचा थर, पोटात ठेचून बसवलेली माती आणि आतल्या अंगाला मातीचाच उतार. त्या उतारावरून माणसे, बैल आणि तोफांचे गाडे वर फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर, चढू शकतात.

याचे कारण गोळ्याच्या आघातात आहे. तोफेचा लोखंडी गोळा उंच आणि पातळ दगडी भिंतीवर आदळला की दगड तडकतो, कपच्या उडतात आणि वरचा भार खाली येतो. तोच गोळा जाड मातीत शिरला की चिखलात फेकलेल्या धोंड्यासारखा रुतून बसतो. त्याचा जोर मातीचे कण सरकवण्यात संपून जातो. युरोपात सोळाव्या शतकात हे ओळखून जुन्या उंच कोटांऐवजी बुटके, जाड आणि मातीने भरलेले तट बांधू लागले. भारतातल्या भुईकोटांनीही तोच मार्ग धरला. दगडाचे अस्तर फुटले तरी पोटातली माती ढासळून उतार तयार होतो. हल्लेखोर त्याच उतारावरून चढतो आणि त्याला आपण खिंडार म्हणतो. म्हणून तट पडला की सगळे संपले, असे होत नाही. खिंडारापर्यंत पोहोचण्याआधी शत्रूला खंदक ओलांडावा लागतो.

खंदकाचे दोन उपयोग आहेत. एक उघड आहे: शिड्या लावायला जागा मिळत नाही आणि धावत येणाऱ्या पलटणीचा वेग मोडतो. दुसरा तितकाच मोलाचा. वेढा घालणारे जमिनीखालून भुयार खणून तटाच्या पायात सुरुंग ठासत. भरलेला खंदक असला की भुयारात पाणी शिरते आणि ते काम जवळपास अशक्य होते. म्हणून वेढा घालणाऱ्याला खंदक बुजवावा लागे. झाडोऱ्याच्या मोळ्या, मातीची पोती, लाकूड टाकत टाकत, तटावरच्या गोळीबाराखाली, पाण्यात रस्ता तयार करावा लागे. वेढ्यातले सगळ्यात घातक काम हेच.

या तटावर नायकांच्या काळातली एक प्रचंड तोफ आजही आहे. पूर्व दरवाजाजवळच्या बुरुजावर, ज्या जागेला लोक बीरंगी मेडू म्हणजे तोफेचा उंचवटा म्हणतात, तिथे ती पडून आहे. लांबी सुमारे 26 फूट, वजन वीस टनांहून जास्त. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या जुळवून त्यावर तापवलेली कडी चढवत, ठोकून एकजीव केलेली अशी ती तोफ आहे. रघुनाथ नायकाच्या काळात, 1620 च्या आसपास, ती घडवली असे मानतात. इतकी जड तोफ वर न्यायला आणि तिचा धक्का सोसायला मातीने भरलेला बुरूजच हवा. तोफ आणि तट यांचा विचार वेगवेगळा करताच येत नाही.

चार वेढे

अठराव्या शतकाच्या मध्यावर कर्नाटकात इंग्रज, फ्रेंच आणि अर्काटचे नवाब यांची झुंज सुरू झाली तेव्हा तंजावूरच्या गादीवर प्रतापसिंह राजे होते. भातशेतीने समृद्ध असलेले हे छोटे राज्य प्रत्येकाला हवे होते, कारण प्रत्येकाची फौज उधारीवर चालली होती.

पहिला वेढा 1749 च्या अखेरीचा. अर्काटच्या नवाबीचा दावेदार चंदासाहेब आणि त्याचे फ्रेंच साथीदार पैसा वसूल करायला तंजावूरवर आले. प्रतापसिंहांनी 70 लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि मग ते देण्यात वेळ काढला. एक दिवस सोन्याचांदीची भांडी पाठवायची, त्यांची किंमत ठरेपर्यंत दिवस जायचे. मग चलनातून गेलेली जुनी नाणी, त्यांची पारख. मग जडजवाहीर, त्याची घासाघीस. इतक्यात निजाम नासिरजंग मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरल्याची बातमी आली आणि वेढा उठला. तटाने इथे एक महत्त्वाचे काम केले: त्याने वेळ मिळवून दिला. अडीच वर्षांनी, 1752 मध्ये, तोच चंदासाहेब तंजावूरचा सेनापती मानाजी याच्या हाती सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला.

दुसरा वेढा 1758 चा. फ्रेंचांचा नवा सेनापती काउंट दे लाली जुन्या 56 लाखांच्या रोख्याचा तगादा घेऊन जुलैमध्ये आला. ऑगस्टच्या आरंभी त्याने तोफा डागायला सुरुवात केली आणि तटाला खिंडार पडू लागले. पण त्याच्याकडे दारूगोळा अगदी थोडा होता आणि रसद तर नव्हतीच. कारैकालच्या समुद्रात इंग्रजांचे आरमार दिसल्याची बातमी आली, तशी लालीने माघार ठरवली. तंजावूरच्या फौजेने दरवाजे उघडून निघत्या सैन्यावर झडप घातली. फ्रेंचांना जड तोफा तिथेच टाकून जावे लागले. भारतातल्या फ्रेंच सत्तेच्या उतरणीत या फसलेल्या वेढ्याचा मोठा वाटा आहे. पुढे काही महिन्यांत लाली मद्रासलाही अडला आणि 1760 मध्ये वांदिवाशला हरला.

तिसरा आणि चौथा वेढा वेगळ्या जातीचे होते. आता समोर ईस्ट इंडिया कंपनी होती आणि तिच्याकडे दारूगोळा, अभियंते आणि समुद्रावरची वाट होती. गादीवर तुळजाजीराजे होते. 1771 मध्ये जनरल जोसेफ स्मिथच्या फौजेने अर्काटचा नवाब मुहम्मद अली याच्या वतीने वेढा घातला. खिंडार जवळपास तयार झाले. 27 ऑक्टोबरला नवाबाच्या मुलाने परस्पर तह करून टाकला. वल्लमचा किल्ला गेला, मोठी रक्कम मान्य करावी लागली, पण तंजावूर वाचले.

दोन वर्षांनी, बाकी राहिलेल्या पैशांचे निमित्त करून, तीच फौज परत आली. ऑगस्ट 1773 मध्ये मोर्चे लागले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तटाला खिंडार पडले आणि भरलेल्या खंदकातून सुमारे 12 फूट रुंदीची वाट तयार झाली. हल्ला पहाटे होणार म्हणून किल्ल्यातले लोक रात्रभर जागे होते. पहाट गेली, सकाळ गेली. भर दुपारी, ऊन माथ्यावर असताना, थकलेले शिपाई खायला आणि विश्रांतीला गेले आणि नेमक्या त्या वेळी कंपनीचे सैनिक खिंडारात घुसले. फारसा प्रतिकार झालाच नाही. तुळजाजीराजे कैद झाले.

या चार वेढ्यांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. तट चारही वेळा जवळजवळ तोच होता. बदलले ते तटाबाहेरचे जग. पहिल्या दोन वेळी वेढा घालणारा घाईत होता, कर्जात होता आणि त्याच्या पाठीवर दुसरा शत्रू होता. म्हणून वेळ हे तंजावूरचे शस्त्र ठरले. कंपनीला मात्र घाई नव्हती आणि तंजावूरच्या मदतीला येणारे कोणी उरले नव्हते. तट शत्रूला थांबवतो, हरवत नाही. थांबलेल्या वेळात बाहेरून कोणी यायला हवे. 1773 मध्ये कोणी आले नाही. तंजावूरच्या पराभवाचा दोष मातीच्या माथी मारता येणार नाही.

कंपनीच्या संचालकांना हा व्यवहार पुढे पटला नाही. लॉर्ड पिगॉट मद्रासचा गव्हर्नर म्हणून आला आणि एप्रिल 1776 मध्ये त्याने तुळजाजीराजांना पुन्हा गादीवर बसवले. मद्रासच्या कौन्सिलमधल्या काही जणांचे आणि त्यांच्या सावकार मित्रांचे हितसंबंध तंजावूरच्या महसुलात गुंतलेले होते. त्यांनी त्याच वर्षी पिगॉटलाच अटक केली आणि 1777 मध्ये तो कैदेतच वारला.

तट हीच सीमा

1798 मध्ये सरफोजीराजे दुसरे गादीवर आले. मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीखाली शिकलेले, अनेक भाषा जाणणारे, वैद्यकापासून छपाईपर्यंत सगळ्यात रस असलेले. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने त्यांच्या हाती काय उरले? राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वार्षिक एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा. सत्ता उरली ती तंजावूरच्या किल्ल्यापुरती आणि लगतच्या थोड्याशा जमिनीपुरती.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कालपर्यंत राज्य किल्ल्याच्या पलीकडे पूर्वेला समुद्रापर्यंत पसरलेले होते. आता तटाच्या पलीकडे कंपनीचा कलेक्टर आणि अलीकडे राजा. ऑफाच्या बांधाने दोन राज्ये वेगळी केली होती; तंजावूरच्या तटावर तेच काम नव्याने येऊन पडले. शत्रूला अडवण्यासाठी खणलेला खंदक एका राजाच्या अधिकाराची मर्यादा झाला.

त्याच 1799 साली दूर कलकत्त्यात एक खंदक बुजवला गेला. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत होत्या, त्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांची योजना होती, तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे तिथवर आलेच नाहीत. ‘मराठा डिच’ हे नाव मात्र राहिले. तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला गेला. एका टोकाला मराठ्यांच्या धास्तीने खणलेला खंदक निरुपयोगी होऊन रस्ता झाला. दुसऱ्या टोकाला मराठ्यांचाच खंदक त्यांच्या राज्याची कड झाला. अठराव्या शतकात सत्ता कशी फिरली हे या दोन खंदकांइतके थोडक्यात क्वचितच कुठे दिसते.

पण सरफोजीराजांनी त्या आखलेल्या जागेत जे केले त्यामुळे तंजावूर आजही आपल्याला जवळचे वाटते. 1803 मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. बाबूराय चिटणिसांनी रचलेला हा लेख भारतातल्या अतिशय मोठ्या शिलालेखांपैकी एक आहे आणि तमिळ देशातल्या चोळ देवळात मराठी अक्षरे उभी आहेत. 1805 मध्ये त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. महाराष्ट्रात मराठी छपाई रुळण्याआधीची ही गोष्ट. धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग आणि नोंदी झाल्या. नायकांपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी इतका वाढवला की सरस्वती महाल आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कारभाराचे मोडी कागदही तिथे रुमालांत बांधून राहिले. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते धाकट्या किल्ल्यातल्या, 1779 च्या चर्चमध्ये आहे. राज्य गेले, पण तटाच्या आत ज्ञान जमा होत राहिले.

1855 मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि 1856 च्या ऑक्टोबरमध्ये फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्याने फौज घेऊन राजवाडा आणि त्यातली मालमत्ता ताब्यात घेतली. या वेळी तटावर एकही गोळा पडला नाही. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. लढा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये निकाल लागला की ही राजसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात पडता येणार नाही. राणीने कायद्याने दिलेली ही झुंज तंजावूरच्या वेढ्यांच्या इतिहासातच मोजायला हवी.

पाणी राखणारी रेषा

तटाचे लढाईतले काम संपले, तेव्हा त्याचे दुसरे काम पुढे आले. ते मुळापासूनच त्याच्यासोबत होते.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे बजावले आहे. तंजावूरच्या किल्ल्यात ती काळजी पहिल्यापासून घेतलेली दिसते. शहराच्या पश्चिमेला सेवप्प नायकाच्या नावाचा तलाव आहे. तिथे पावसाचे पाणी साठे, गाळ खाली बसे आणि निवळलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून शिवगंगा तळ्यात येई. तिथून ते शहरातल्या इतर तळ्यांना मिळे. या भूमिगत वाटांना जलसूत्र म्हणतात. राजवाड्यापासून जवळच्या अय्यनकुळम तळ्याचे अलीकडे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा ते शिवगंगेशी जोडणारी जुनी वाट पुन्हा उजेडात आली. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये धो धो कोसळतो आणि नंतर कित्येक महिने आकाश कोरडे. अशा मुलखात भरलेला खंदक हा पावसाचा साठाही असतो. तो शेजारच्या विहिरींना पाझर देतो आणि पूर आला तर पाणी पोटात घेतो. लढाईसाठी खणलेली जागा शांततेत शहराला जगवते.

आज थोरल्या किल्ल्याचा तट बहुतांश गेला आहे. दगड निघाले, माती सपाट झाली, खंदकाच्या पात्रात आणि तटाच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली. धाकट्या किल्ल्याचा तट आणि देवळाभोवतीचा खंदक तुलनेने चांगल्या स्थितीत आहे. 1934 मध्ये मेट्टूर धरणासोबत काढलेला ग्रँड ॲनिकट कालवा देवळाजवळूनच वाहतो, त्यामुळे नवखा माणूस कालव्यालाच खंदक समजतो. दोन्हींमध्ये जवळपास चारशे वर्षांचे अंतर आहे.

तरीही रेषा शोधता येते. राजवाड्यातून बाहेर पडून पूर्वेकडे चालत गेले की बीरंगी मेडू लागतो. तिथे चढून उभे राहिले की तटाची मूळ उंची पायांना कळते. तटाला लागून असलेल्या रस्त्यांची नावे आजही पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अलंगम अशी आहेत. अलंगम म्हणजे कोट. तट नाहीसा झाला तरी पत्त्यात तो शिल्लक आहे. एखादी गल्ली अचानक खाली उतरली तर ते बहुधा खंदकाचे पात्र, अचानक चढली तर तो तटाचा पाया. शिवगंगा बागेच्या बाजूने गेले की मात्र तर्काची गरज उरत नाही. दगडी अस्तर, त्यामागची माती आणि पुढचा खोलगट पट्टा तिथे एकत्र समोर येतात.

ही रेषा जपायची तर ती एक अखंड रचना म्हणून जपायला हवी. देऊळ एका खात्याकडे, राजवाडा दुसऱ्याकडे, तळी महानगरपालिकेकडे आणि खंदक कोणाकडेच नाही, असे झाले की सगळ्यात आधी खंदक जातो. मग तळ्यांचे पाणी तुटते, मग देवळाच्या आवारात पावसाचे पाणी तुंबते. खंदकात राहणाऱ्या गरीब कुटुंबांना हलवावे लागले तर त्यांना शहरातच, कामाच्या जवळ, घर मिळायला हवे. नाहीतर वारसा वाचवण्याचा सगळा खर्च त्यांच्याच माथी बसतो. इंग्लंडने एका बाराशे वर्षांच्या मातीच्या बांधाला पायवाट दिली आणि लाखो माणसे त्याच्यासोबत चालली. तंजावूरच्या तटालाही चालण्याजोगी वाट देता येईल, चार बुरुजांवर माहितीचे फलक लावता येतील. तमिळ, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत.

मराठी माणसाचे काम त्यात ठरलेले आहे. तंजावूरला जाणाऱ्याने दरबार आणि ग्रंथालय पाहून परत फिरू नये. शिवगंगेच्या बाजूचा तट आणि पूर्वेचा तोफेचा उंचवटा पाहूनच परतावे. मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांनी सरस्वती महालातल्या रुमालांत या तटाचा शोध घ्यावा: डागडुजी कधी झाली, मजुरी किती दिली, गाळ कोणी काढला, पाणी कुठून सोडले. राजांच्या वंशावळी आपण पुष्कळ लिहिल्या. ज्या मातीने आणि पाण्याने त्या राजांना 180 वर्षे सांभाळले त्यांचा हिशेबही त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहिलेला असणार आणि तो वाचणे ही आपली जबाबदारी आहे.